हेलिकॉप्टरचा धंदा आणि युरोपचे नियम

युरोपात हेलिकॉप्टर चालवणे हाही एक धंदाच आहे. बड्या कंपन्यांच्या जोडीला दोन-चार यंत्रांवर पोट भरणारे छोटे चालकही त्यात आहेत. उड्डाणाचा एक नियम बदलला की त्यांचा हिशेब कसा बदलतो, हे आम्ही वाचक बांधवांपुढे थोडक्यात मांडत आहोत.

बऱ्याच नियमांचे मूळ एका प्रश्नात आहे : इंजिन बंद पडले तर काय? त्यावरून तीन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात दोनपैकी एक इंजिन बंद पडले तरी हेलिकॉप्टर सुखरूप उतरते किंवा पुढे जाते. दुसऱ्या वर्गात उड्डाणाच्या सुरुवातीचे आणि उतरतानाचे शेवटचे काही क्षण जोखमीचे असतात. तिसऱ्या वर्गात केव्हाही जागा मिळेल तेथे उतरण्याची पाळी येऊ शकते. एका इंजिनाची यंत्रे यातच येतात.

आता पैशाची बाजू पाहू. पहिल्या वर्गाची सक्ती झाली, तर उरलेल्या एका इंजिनाला पेलेल एवढेच वजन घेता येते. उन्हाने तापलेल्या आणि डोंगरावरच्या हवेत भार आणखी घटतो. मग उतारू कमी घ्या, इंधन कमी भरा, नाही तर जास्त ताकदीचे यंत्र घ्या. काहीही केले तरी फेरी महाग पडते आणि भाडे वाढते.

इस्पितळांचे उदाहरण घ्या. कित्येक जुन्या इस्पितळांच्या उतरण्याच्या जागांभोवती इमारती आणि झाडे वाढली आहेत. २००२ च्या मध्यापूर्वीच्या अशा जागांना पहिल्या वर्गाच्या अटीतून सवलत होती. कोलोन येथील युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये या जागांबाबत नव्या नियमांचा मसुदा काढला. रात्रीच्या उड्डाणांचा आणि अंधारात पाहण्याच्या चष्म्यांचा विषयही त्यात होता. रुग्णसेवेच्या हेलिकॉप्टरांचे सुधारित नियम मे २०२३ मध्ये मंजूर झाले व वर्षभराने लागू झाले.

येथे दोन्ही बाजूंना माणसाचा जीव आहे. नियम सैल ठेवला तर हेलिकॉप्टरातील रुग्णाला आणि खालच्या वस्तीला धोका. फार आवळला तर यंत्र त्या इस्पितळावर उतरूच शकणार नाही आणि रुग्णाला रस्त्याने न्यावे लागेल.

मसुदा ते कायदा यात पाच वर्षे गेली. युरोपात अशा मसुद्यावर कोणालाही लेखी हरकत नोंदवता येते. बड्या कंपन्यांकडे त्यासाठी पगारी माणसे असतात. छोट्याने संघटनेमार्फत बोलावे लागते, आणि "परवडत नाही" एवढे म्हणून भागत नाही. किती वजन घटते, फेरी कितीने वाढते, कोणते गाव सेवेवाचून राहते, हे आकड्यांत दाखवावे लागते. आमच्या मते, कोणत्याही धंद्यातल्या लहान माणसाने हे ध्यानात ठेवावे : मसुद्याच्या वेळी एक कागद पुरतो, कायदा झाल्यावर वकील लागतो.