मुक्तस्रोत आज्ञावलींच्या मार्गदर्शिका : उणीव हेरणे आणि सुधारणा सुचविणे



व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, बातमी अशा लेखनप्रकारांचा परिचय तुम्हांला होतो. वापरसूचनांचे लेखन मात्र बहुधा उपेक्षितच राहते. औषधाच्या वेष्टनातील किंवा शिवणयंत्राबरोबर येणारी सूचना संदिग्ध असली, तर आपण शेजाऱ्याला विचारतो आणि वेळ निभावून नेतो. ती सूचना बदलून घेणे आपल्या हाती नसते. मुक्तस्रोत आज्ञावलींच्या बाबतीत ते आपल्या हाती असते.

ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना देता येते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही तिची परिचित उदाहरणे होत. आज्ञावली मुक्त असून तिची मार्गदर्शिका मात्र बंदिस्त असेल, तर ते स्वातंत्र्य अपुरे ठरते, असा आग्रह या चळवळीत प्रारंभीपासून धरला गेला. जीएनयू प्रकल्पाने २००० साली मार्गदर्शिकांसाठी स्वतंत्र मुक्त परवाना प्रसिद्ध केला, तो याच भूमिकेतून. उणिवा उघडपणे नोंदविण्याची परंपरा तर याहूनही जुनी आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७१ साली युनिक्स प्रणालीची पहिली मार्गदर्शिका तयार केली, तेव्हा आज्ञांच्या माहितीखाली 'बग्ज' म्हणजे दोष असे एक उपशीर्षक ठेवले होते. आपल्या वस्तूचे दोष तिच्याच माहितीपत्रकात छापणारे उत्पादक आजही विरळाच!

उणीव कोठे असते?

मार्गदर्शिकेतील चूक म्हटली की शुद्धलेखनाची चूक प्रथम डोळ्यांपुढे येते. ती सहज दिसते आणि सहज दुरुस्तही होते. खरी अडचण असते ती न लिहिलेल्या मजकुराची. लेखकाला जे इतके परिचित असते की ते सांगावे असे त्याला वाटतच नाही, तेच नेमके नवख्या वाचकाला हवे असते.

एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामाचा मुक्तस्रोत संच २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळा झाला. बर्लिन येथील 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था त्याचा सांभाळ करते. या संचातील 'रायटर' मध्ये तुम्ही प्रकल्प-अहवाल टंकलिखित करीत आहात, असे समजा. परिच्छेदाची शैली उघडा, 'फॉन्ट' या विभागात जा, अक्षराचा आकार निवडा, अशी सूचना तुम्ही वाचता आणि तंतोतंत पाळता. मजकुरात मधूनमधून आलेले इंग्रजी शब्द आकाराने मोठे होतात. मराठी मजकूर मात्र होता तेवढाच राहतो.

यात तुमची चूक नाही आणि आज्ञावलीतही बिघाड नाही. लिब्रेऑफिस जगातील लिप्यांचे तीन गट मानते : पाश्चात्त्य, आशियाई आणि जटिल मांडणीच्या लिप्या. देवनागरी तिसऱ्या गटात येते. प्रत्येक शैलीमध्ये या तिन्ही गटांचा फॉन्ट, आकार आणि भाषा यांची नोंद वेगवेगळी ठेवलेली असते. जटिल लिप्यांची सोय भाषाविषयक पर्यायांत जाऊन सुरू केलेली नसेल, तर तिसऱ्या गटाच्या चौकटी दिसतच नाहीत. मग वाचक पाश्चात्त्य गटाच्या चौकटीत आकार बदलतो आणि देवनागरी अक्षरे जागची हलत नाहीत. लॅटिन लिपीत लिहिणाऱ्या लेखकाला हा प्रसंग कधी आलेलाच नसतो. तो सांगू शकेल अशी व्यक्ती म्हणजे मराठी, हिंदी, अरबी किंवा हिब्रू लिहिणारा वापरकर्ता. त्यानेच मौन पाळले, तर ती पोकळी वर्षानुवर्षे तशीच राहते आणि 'मराठीला संगणक नीट येत नाही' असा गैरसमज करून घेऊन अनेकजण माघार घेतात.

म्हणूनच अडखळल्या क्षणीच नोंद करण्याची सवय लावून घ्या. वाट एकदा सापडली की आपण कोठे अडलो होतो, हे दोन दिवसांत विसरायला होते. नवखेपण ही या कामातील उणीव नसून भांडवल आहे. आणि ते फार लवकर सरते.

सुधारणा कशी मांडावी?

'हे पान समजत नाही, कृपया सुधारावे' असा अभिप्राय प्रामाणिक असला तरी निरुपयोगी असतो. वाचणाऱ्याला कोणते पान, कोणते वाक्य आणि काय समजले नाही, यांतले काहीच कळत नाही. त्याऐवजी पुढील नमुना पाहा :

'परिच्छेद-शैलीतील फॉन्ट या पानावर अक्षराचा आकार बदलण्याची कृती दिली आहे. त्या कृतीप्रमाणे आकार १२ वरून १४ केला असता देवनागरी मजकुरात बदल झाला नाही. जटिल लिप्यांची सोय सुरू केल्यावर दिसणाऱ्या चौकटीत आकार बदलला, तेव्हा बदल झाला. कृतीच्या आधी पुढील वाक्य घालावे, असे सुचवितो : देवनागरी, अरबी इत्यादी लिप्यांतील मजकुरासाठी प्रथम भाषाविषयक पर्यायांत जटिल लिप्यांची सोय सुरू करा.'

या नमुन्यात तक्रारीचा सूर नाही. स्थळ, केलेली कृती, अपेक्षा, प्रत्यक्ष परिणाम आणि पर्यायी वाक्य एवढेच आहे. त्याला आज्ञावलीच्या आवृत्तीचा क्रमांक आणि संगणकाची कार्यप्रणाली यांची जोड दिली की नोंद पूर्ण होते. पर्यायी वाक्य देणे बंधनकारक नसते. तरी भाषेच्या विद्यार्थ्याने ते टाळू नये. आपला अभ्यास उपयोगी पडतो तो इथेच.

लिब्रेऑफिसच्या बाबतीत अशा नोंदी 'बगझिला' या दोषनोंदवहीत होतात आणि तेथे मार्गदर्शिकेसाठी वेगळा विभाग आहे. भाषांतरित शब्दांविषयीच्या सूचना 'वेबलेट' या प्रणालीवर देता येतात. नोंदवहीची भाषा सामान्यतः इंग्रजी असते. त्यामुळे बिचकू नका. चार साधी वाक्ये पुरतात. तीच अडचण कोणी आधी नोंदवली आहे का, हे शोधून पाहा आणि एका नोंदीत एकच मुद्दा ठेवा. सात तक्रारींचे लांबलचक पत्र वाचून सातही कामे मार्गी लावील असा स्वयंसेवक सहसा मिळत नाही.

सुचविलेली सुधारणा नाकारलीही जाते. कधी मार्गदर्शिका बरोबर असते आणि दोष आज्ञावलीत असतो. मग नोंद दुसऱ्या विभागाकडे जाते. कधी तुमचे वाक्य स्वीकारून पुढे कोणी त्याचा कायापालट करते. लिब्रेऑफिसच्या मार्गदर्शिका क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध होतात, त्यामुळे तसे करण्याची मुभा सर्वांनाच असते. कवितेच्या ओळीवर कवीचा जसा हक्क असतो, तसा तो इथे सांगता येत नाही.

मराठी वाक्याची घडण

मराठी मार्गदर्शिकांत एक दोष वारंवार आढळतो, तो शासकीय वळणाचा. 'फाइल जतन करण्यात यावी' या वाक्यात काम कोणी करायचे, हे धूसर राहते. 'फाइल जतन करा' हे वाक्य आदरार्थीही आहे आणि स्पष्टही. दुसरा दोष क्रमाचा. 'खिडकी बंद करा. तत्पूर्वी फाइल जतन केलेली असावी' हे वाक्य पूर्ण वाचेपर्यंत खिडकी बंद झालेली असते! अट आणि हेतू आधी, कृती नंतर, ही मराठी वाक्याची स्वाभाविक चाल आहे : 'जतन करण्यासाठी अमुक बटण दाबा.' इंग्रजी वाक्याचा क्रम तसाच उतरविला की ही सोय हरवते. 'फक्त', 'सहज', 'केवळ' हे शब्दही शक्यतो गाळावेत. 'फक्त एवढेच करा' असे वाचल्यावरही ज्याला ते जमत नाही, त्याला उगाच कमीपणा वाटतो. शिवाय पडद्यावर 'जतन' असेल तर मार्गदर्शिकेत 'साठवण' लिहू नये. ललित लेखनात शब्दाची पुनरुक्ती खटकते; सूचनालेखनात मात्र पुनरुक्तीच वाचकाला सांभाळते.

कृतिपाठ

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र्य' साठी र, हलन्त आणि य, म्हणजे 'जे', 'डी' आणि तिरप्या रेषेची कळ, या क्रमाने दाबावे लागते. 'ऱ्य' साठी पहिली कळ 'शिफ्ट' सह 'जे' असते. पुढील दोन्ही कळा त्याच राहतात. ही माहिती आधारास घेऊन 'दऱ्या' हा शब्द कसा टंकलिखित करावा, याच्या पाच ओळींच्या सूचना लिहा. 'द' आणि 'आ'कार यांच्या कळा स्वतः शोधा. नंतर इन्स्क्रिप्ट न येणाऱ्या घरातील किंवा शेजारील एखाद्या व्यक्तीला त्या वाचून टंकलेखन करण्यास सांगा. ती व्यक्ती काम करीत असताना तोंडी काहीही सांगू नका. ती जेथे थांबेल, त्या शब्दाखाली रेघ ओढा आणि तेवढाच भाग पुन्हा लिहा.