महिनाभर आव पडतेय? मूळव्याध समजून बसू नका

जामखेड : पोटात कळ येऊन चिकट शौच झाली की आपल्याकडे ‘आव पडली’ म्हणतात आणि मेडिकलमधून गोळी आणली जाते. चार दिवसांत थांबली तर बहुधा संसर्ग. मात्र, रक्तासह आव महिनाभर सुरूच असेल, तर तो ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ म्हणजे मोठ्या आतड्याचा जुनाट दाह असू शकतो.

आव म्हणजे काय?
ती घाण नव्हे, आतड्याचे संरक्षक अस्तर आहे. गॉब्लेट पेशी म्युसिन हे प्रथिन सोडतात. ते पाण्याने फुगून लेप बनतो. त्याला दोन थर असल्याचे स्वीडनच्या संशोधकांनी 2008 मध्ये उंदरांत दाखवले. बाहेरच्या थरात जिवाणू राहतात, आतल्या थरात त्यांना जवळपास प्रवेश नसतो. कोलायटिसमध्ये हा आतला थर विरळ होतो, जिवाणू पेशींना भिडतात, दाह वाढतो आणि दाहाने थर आणखी खराब होतो.

भाकरी खावी की सोडावी?
चोथा मिळाला नाही तर जिवाणू हा लेपच खाऊ लागतात, असे 2016 मध्ये उंदरांवरील प्रयोगात दिसले. त्या दृष्टीने आपली ज्वारीची भाकरी, उसळ चांगलीच. पण आजार उसळलेला असताना, रक्त जात असताना चोथा वाढवू नये. ‘क्रोन्स’ आजारात आतडे अरुंद झाले असेल तर तो अडकूही शकतो. त्यामुळे ‘भाकरी बंद’ आणि ‘भाकरी हेच औषध’ हे दोन्ही सल्ले सरसकट ऐकण्यासारखे नाहीत.

गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी आजार उसळू शकतो. मेसालामिन सुरू असेल तर बरे वाटले म्हणून बंद करू नये. तिथेच बहुतेकांची गफलत होते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पातील गावोगावच्या कार्यकर्त्यांनी जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी घरोघरी शिकवले. ते इथेही पाणी भरून काढते, पण रक्त थांबवत नाही. त्यासाठी शौचाची तपासणी, दुर्बिणीने आतड्याची तपासणी आणि तुकड्याची तपासणी लागते. आतड्याचा क्षयरोग ‘क्रोन्स’सारखाच दिसतो, म्हणून स्टेरॉइड देण्याआधी तो नाही ना, हे पाहावे लागते.

वजन घटणे, ताप आणि रात्री झोपेतून उठून शौचाला पळावे लागणे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. साध्या मूळव्याधीत सहसा अशी झोपमोड होत नाही.