जिरादेई ते सदाकत आश्रम

उत्तर बिहारच्या सपाट, गाळाच्या प्रदेशात, सीवान शहराच्या पश्चिमेस जिरादेई हे खेडे आहे. ३ डिसेंबर १८८४ रोजी राजेंद्रप्रसादांचा जन्म येथे झाला. त्या वेळी हा भाग सारण जिल्ह्यात मोडत असे; सीवान हा स्वतंत्र जिल्हा १९७२ साली झाला. भारताच्या पहिल्या राष्ट्रपतींचे जन्मस्थान पाहावयास येणारा प्रवासी बहुधा मनाशी एक चित्र बाळगून येतो. खेड्यात वाढलेला आणि जन्मभर साधेपणाने राहिलेला पुरुष म्हटला, की त्याचा जन्म एखाद्या झोपडीत झाला असावा, असे त्यास वाटत असते. प्रत्यक्षात त्याच्यासमोर उभे राहते ते विटांनी बांधलेले, ओसऱ्यांचे व अंगणाचे प्रशस्त घर. ते एका जमीनदार कुटुंबाचे घर आहे.

पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या या वास्तूचा अर्थ समजून घ्यावयाचा, तर येथूनच आरंभ केला पाहिजे. राजेंद्रबाबूंचे चुलत आजोबा चौधुरलाल हे हथुआच्या राजांचे दिवाण होते आणि कुटुंबाच्या जमिनी त्यांच्या कर्तबगारीतून उभ्या राहिल्या होत्या. वडील महादेव सहाय हे फारसी व संस्कृत जाणणारे गृहस्थ होते. राजेंद्रबाबूंचा साधेपणा दारिद्र्यातून आलेला नव्हता. तो काही त्यांनी घरातून घेतला आणि काही पुढे प्रयासाने मिळवला.

घरातून जे मिळाले, त्याचे वर्णन त्यांच्या ‘आत्मकथा’ या हिंदी ग्रंथात आढळते. जिरादेई आणि शेजारचे जमापूर ही गावे एकमेकांत इतकी मिसळलेली होती, की कोणते घर कोणत्या गावचे, हे रहिवाशांनाच ठाऊक असे. लहान राजेंद्र पहाटेच जागा होई आणि आईलाही उठवी. मग कमलेश्वरीदेवी त्याला भजने म्हणून दाखवीत व रामायणातील कथा सांगत. अक्षरओळख झाली ती मौलवींकडून, फारसी शिक्षणाने. मोहरममध्ये गावातील हिंदूही ताजियांत भाग घेत. हे सारे कोणत्याही संग्रहालयात मांडता येण्याजोगे नाही. म्हणून प्रवाशाने घर पाहून लगेच परतू नये. गावातून, शेतांच्या बांधांवरून थोडे हिंडून यावे.

या घरातून निघालेली वाट छपरा व पाटणा येथील शाळांवरून कलकत्त्यास गेली. १९०२ साली कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ते पहिले आले व प्रेसिडेन्सी महाविद्यालयात दाखल झाले. १९१० साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना भारत सेवक समाजात येण्याचे आवाहन केले. राजेंद्रबाबूंनी वडील बंधू महेंद्रप्रसाद यांच्याकडे पत्राने अनुमती मागितली. कुटुंबाला झालेले दुःख पाहून मात्र त्यांनी तो विचार सोडला. जिरादेईच्या घराने त्यांना घडवले होते, तसेच बांधूनही ठेवले होते.

ते बंधन सैल होण्यास १९१७ साल उजाडावे लागले. एप्रिलच्या आरंभी राजकुमार शुक्ल हे गांधीजींना घेऊन पाटण्यास राजेंद्रबाबूंच्या घरी आले. घरधनी परगावी होते. आलेल्या पाहुण्याची जात नोकरांना माहीत नव्हती. त्यामुळे विहिरीचे पाणी आणि घरातील शौचकूप यांचा वापर त्यास करू देण्यास ते धजेनात. गांधीजींनी हा प्रसंग आपल्या आत्मचरित्रात नोंदवला आहे, पण नोकरांना दोष दिलेला नाही. ते आपल्या समजुतीप्रमाणे कर्तव्यच करीत होते. पुढे मौलाना मझहरुल हक यांनी गांधीजींच्या मुझफ्फरपूरच्या प्रवासाची सोय केली.

सारण आणि चंपारण या जिल्ह्यांमध्ये केवळ गंडक नदी आहे. जिरादेईहून निघालेल्या प्रवाशाने पुढचा मुक्काम चंपारणातील मोतीहारीस करावा, हे सर्व दृष्टींनी योग्य होय. तेथे दर बिघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ पेरण्याची सक्ती रयतेवर होती. हीच ‘तीनकठिया’ पद्धत. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम गांधीजींनी मानला नाही, म्हणून १८ एप्रिल १९१७ रोजी त्यांना मोतीहारीच्या न्यायालयात उभे राहावे लागले. त्या जागी आज नंदलाल बोस यांच्या आराखड्यानुसार उभारलेला ४८ फुटी दगडी स्तंभ आहे. राजेंद्रबाबू त्याच दिवशी मोतीहारीस पोहोचले आणि सहकारी वकिलांसह हजारो रयतांच्या जबान्या उतरून घेण्याच्या कामी लागले. जमीनदाराच्या मुलाने कुळांपुढे बसून त्यांची गाऱ्हाणी शब्दशः टिपून घ्यावीत, यातच त्या दिवसांचे महत्त्व सामावलेले आहे.

त्या मंडळींचे राहणेही बदलले. आरंभी प्रत्येक वकिलाचा आचारी वेगळा व नोकर वेगळा असे. जेवणास कधी मध्यरात्र होई. गांधीजींच्या थट्टेने व आग्रहाने अखेर नोकर परत पाठवण्यात आले आणि सर्वांचा स्वयंपाक एकत्र होऊ लागला. याच चळवळीत मुंबईहून आलेल्या अवंतिकाबाई गोखले यांनी चंपारणच्या खेड्यात मुलांना शिकवले. १९१८ साली कायद्याने तीनकठिया पद्धत रद्द झाली.

शेवटचा टप्पा पाटण्याजवळ गंगेकाठी आहे. मझहरुल हक यांनी ऐषारामाचे जीवन सोडून १९२१ साली येथे सदाकत आश्रम स्थापन केला. ‘सदाकत’ या शब्दाचा अर्थ सत्यनिष्ठा. असहकाराच्या काळात सुरू झालेले बिहार विद्यापीठ याच परिसरात आहे. बारा वर्षे राष्ट्रपतिपद भूषवून मे १९६२ मध्ये राजेंद्रबाबू दिल्लीहून निघाले, ते येथेच परतले. त्याच वर्षी सप्टेंबरात पत्नी राजवंशीदेवी निवर्तल्या आणि २८ फेब्रुवारी १९६३ रोजी त्यांचेही येथेच देहावसान झाले. त्यांची स्मृतिचिन्हे आश्रमात जतन करून ठेवली आहेत.

जिरादेईचे घर मोठे आहे आणि सदाकत आश्रमातील निवास लहान. सामान्यतः थोर पुरुषांच्या स्मारकांचा क्रम याच्या उलट असतो. लहान घरातून मोठ्या घराकडे. राजेंद्रबाबूंच्या आयुष्यात राष्ट्रपतिभवनही आले, परंतु ते मुक्कामापुरते. ज्या घरातील विहिरीवर अनोळखी पाहुण्यास पाणी मिळाले नाही, त्या घराचा धनी काही दिवसांतच सर्वांबरोबर एका पंक्तीस बसला. जिरादेई, मोतीहारी आणि सदाकत आश्रम ही तीन ठिकाणे या क्रमाने पाहिली, म्हणजे त्या बदलाचे मोल प्रवाशाच्या ध्यानी येते.