कोरडे डोळे : थेंब आणि सुई

डोळ्यांतून घळघळा पाणी वाहते म्हणून डॉक्टरांकडे जावे, आणि त्यांनी तपासून सांगावे, "बाई, तुमचे डोळे कोरडे पडले आहेत!" ऐकणाऱ्याला ही थट्टाच वाटेल. पण ती थट्टा नव्हे. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर सदैव पसरलेला असतो. त्यात पाणी असते, ते डोळ्याला धरून ठेवणारा चिकट स्राव असतो आणि वर तेलाचा तवंग असतो. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येते. तवंग विरला की पाणी उडून जाते, डोळा चुरचुरतो, आणि मग धावून आलेले पाणी नुसतेच गालावरून ओघळते. घरात पाहुण्यांची गर्दी, पण कामाला एकही नाही, त्यातलाच हा प्रकार!

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. पूर्वी तो कागदावर चाले, आता संगणकाच्या पडद्यावर चालतो. पडद्याकडे टक लावून पाहताना माणसाच्या पापण्या फार कमी मिटतात. दिवाळी अंकांचा हंगाम तोंडावर आलेला, आणि मला दुपारपर्यंत काना कोणता नि वेलांटी कोणती हे कळेनासे होई. घराचा हप्ता तर त्या वेलांट्यांवरच चाललेला!

डॉक्टरांनी खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवली. ऑटो शिर्मर या जर्मन डॉक्टरांनी १९०३ साली सांगितलेली ही परीक्षा. पाच मिनिटांत पट्टी १० मिलिमीटर तरी भिजावी. पाचाच्या आत राहिली तर कोरडेपणा बराच समजावा. माझी चार भिजली. कृत्रिम अश्रूंचे थेंब सुरू झाले. घातले की बरे वाटे, तासाभराने पुन्हा डोळ्यांत वाळू.

तेव्हा आमच्या वन्संनी ॲक्युपंक्चरचा आग्रह धरला. हे शास्त्र मूळचे चीनचे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे ते भारतात आणले. भुवईच्या आतल्या टोकाशी, कानशिलावर आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये केसासारख्या बारीक सुया टोचतात. मुंगी चावल्याइतकेच कळते.

पहिल्याच दिवशी तिथल्या गृहस्थांनी फर्मावले, "ती थेंबांची बाटली आता केरात टाका." मी ती पर्समध्येच ठेवली.

ते बरेच झाले. कोरियात २०१० साली ४२ रुग्णांवर खऱ्या आणि नकली टोचणीची तुलना झाली. दोन्ही गटांना आराम पडला, पण त्यांच्यात ठळक फरक दिसला नाही. २०१२ साली तिथेच सुमारे दीडशे जणांवर सुया आणि कृत्रिम अश्रू ताडून पाहिले. चार आठवड्यांच्या उपचारानंतर दोन्ही गट सारखेच. मात्र पुढे काही आठवड्यांनी सुयावाल्यांना अधिक बरे वाटत होते. म्हणजे सुई अगदीच टाकाऊ नाही, पण तिच्या भरवशावर थेंब सोडावेत इतका पुरावाही नाही.

मी दोन्ही चालू ठेवले. जोडीला पापण्यांवर कोमट शेक घेतला आणि वीस-वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर काढली. महिन्याने पट्टी सहा भिजली, चुरचुर कमी झाली आणि हंगामही पार पडला. श्रेय कोणाचे? डॉक्टर हसून म्हणाले, "चौघांनी मिळून पालखी उचलली, आता खांदे मोजू नका!"

गृहिणींनो, दोन-तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाच. दिवसातून अनेकदा थेंब घालावे लागत असतील, तर परिरक्षक नसलेले मागून घ्या. परिरक्षकाने डोळ्याला इजा होते. स्टेरॉइडचे थेंब मनाने घालू नका, त्यातून काचबिंदू उद्भवू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सुया टोचणाऱ्याला आधी सांगा. आणि सुई नवी, निर्जंतुक आहे ना, हे पाहा. डोळा लाल होऊन दुखू लागला, नजर मंदावली, किंवा तोंडही कोरडे पडून सांधे दुखू लागले, तर प्रथम डॉक्टर, मग बाकीचे सारे.

आणि हो, हा अंक चवीने वाचा. पण पान उलटताना पापणी मिटायला विसरू नका!