गर्भजलपरीक्षण आणि गर्भिणीचे सौमनस्य

माता व पिता दोघेही थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रोगांचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बालकास तो रोग होण्याची शक्यता 25 टक्के असते. अशा वेळी प्रसूतितज्ज्ञ गर्भजलपरीक्षण, म्हणजेच ॲम्निओसेंटेसिस, सुचवितात. हा सल्ला मिळालेली गर्भिणी पुष्कळदा प्रथम आपल्या परिचित वैद्याकडे येते आणि विचारते, "सुई बाळाला लागेल का?" या प्रश्नाचे नेमके उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.

हे परीक्षण गर्भाचे 15 आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. सोनोग्राफीत गर्भ व सुई सतत दृष्टीसमोर ठेवून सुमारे 15 ते 20 मिलिलिटर गर्भोदक काढले जाते. त्यास काही मिनिटेच लागतात. टोचल्याची वेदना आणि मासिक पाळीसारखी कळ एवढाच त्रास बहुतेक स्त्रियांना होतो. कुशल हातांत गर्भपाताचा अधिकचा धोका 0.5 टक्क्याहून कमी असतो. तो शून्य नाही, हेही स्पष्ट सांगावे.

चरकाचार्यांनी गर्भधारणेस उपकारक गोष्टींत सौमनस्यास श्रेष्ठ मानले आहे. परीक्षणाचा क्रम आधी समजावून सांगणे, सोबत विश्वासाचे माणूस असणे आणि सुई टोचताना संथ श्वास घेणे यांनी भय व वेदना दोन्ही सुसह्य होतात. नंतर एक-दोन दिवस जड कामे व मैथुन वर्ज्य करावे. उदरावर अभ्यंग, शेक अथवा बस्ती यांचा प्रयोग करू नये. चालू असलेल्या आयुर्वेदीय औषधांसह सर्व औषधांची यादी प्रसूतितज्ज्ञांना आधीच द्यावी.

औषध विक्रेत्यांनी कळ थांबविण्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःहून देऊ नये. पॅरासिटामॉलही प्रसूतितज्ज्ञांच्या सल्ल्यानेच द्यावे. रक्तगट आर.एच. निगेटिव्ह असल्यास परीक्षणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन बहुधा आवश्यक असते. त्याची विचारपूस आपण अवश्य करावी.

योनीमार्गे पाणी वा रक्त जाणे, थंडी-ताप, वाढत जाणारी कळ यांपैकी एकही लक्षण दिसल्यास काढा देऊन वाट पाहू नये. रुग्णेस तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

1994 च्या कायद्यानुसार हे परीक्षण विहित कारणांसाठी, नोंदणीकृत केंद्रातच व स्त्रीच्या लेखी संमतीने करता येते. गर्भलिंग सांगणे हा गुन्हा आहे. अहवाल येईपर्यंतचे दिवस गर्भिणीस सर्वांत जड जातात. त्या काळात तिला एकदा तरी भेटीस बोलवावे, आणि अहवाल प्रतिकूल आल्यास निर्णयाची घाई न करता तिला प्रसूतितज्ज्ञ व जनुकीय समुपदेशकांकडे सोपवावे.