शर्यतीचा रॉड, रस्त्यावरची मोटार

कळवा आणि मुंब्रा या स्थानकांच्या दरम्यान जी विस्तीर्ण कारशेड आहे, तिच्यात उभ्या राहणाऱ्या लोकल गाड्यांचे पोलादी आस आणि त्याच परिसरातील एखाद्या गॅरेजात टर्बोची मोटार उघडून बसलेल्या हौशी तरुणाच्या हातातला, शर्यतीच्या इंजिनातून उतरवलेला कनेक्टिंग रॉड, या दोहोंचे नाते वरवर पाहता कोणाच्या ध्यानात यावयाचे नाही. परंतु ज्या शास्त्राच्या आधारे त्या आसाला पुन्हा धावण्याची परवानगी मिळते, त्याच शास्त्राच्या आधारे हा रॉड वापरावा की भंगारात टाकावा याचा निवाडा करावा लागतो. ते शास्त्र धातूच्या श्रांतीचे होय.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस धावता धावता तुटला आणि त्या अपघातात पन्नासाहून अधिक माणसे दगावली. आसावर काही विलक्षण भार आलेला नव्हता. रोजचाच भार लक्षावधी फेऱ्यांत पुनःपुन्हा सोसून तो आतून खंगला होता. पुढे आउगुस्ट व्होलर या जर्मन रेल्वे-अभियंत्याने आसाचे नमुने यंत्रावर वर्षानुवर्षे फिरवून असे दाखवून दिले की, विशिष्ट मर्यादेखालचा ताण पोलाद जवळजवळ अमर्याद काळ सोसू शकते, मात्र ती मर्यादा ओलांडणाऱ्या प्रत्येक आवर्तनाची बाकी त्याच्या खाती जमा होत जाते. ॲल्युमिनियमला अशी अभयाची मर्यादाच नाही. त्याचे प्रत्येक आवर्तन खर्ची पडते. जुना भाग घेणाऱ्याने पहिली खूणगाठ बांधावी ती या भेदाची.

टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. तिचे पेटंट १९०५ सालचे. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने चक्र फिरवून इंजिनात अधिक हवा कोंबावयाची, एवढेच तिचे सूत्र. महाराष्ट्रातल्या हौशी मंडळींना तिची गोडी लावणाऱ्या गाड्यांत छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीच्या औरंगाबादजवळच्या) शेंद्र्याला ज्या कंपनीचा कारखाना आहे, त्या स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएस या मोटारीची गणना करावी लागेल. तिचे १७८१ घनसेंटिमीटरचे टर्बो इंजिन मूळचे १५० अश्वशक्तीचे. याच कुळातल्या इंजिनावर इंग्लंडात १९९८ साली फॉर्म्युला पामर ऑडी ही शर्यतमालिका सुरू झाली आणि तेथे त्याने सुमारे दुप्पट शक्ती दिली. बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवला की मूळचे सडपातळ रॉड प्रथम वाकतात, हे ठाऊक असलेल्या माणसाची नजर मग शर्यतीतल्या जाड रॉडांकडे वळते, यात नवल नाही.

हा मोह अशास्त्रीय नव्हे, आणि थोडे गणित केले असता ते पटते. या इंजिनात पिस्टन ८६.४ मिलिमीटर खालीवर धावतो आणि रॉडची लांबी १४४ मिलिमीटर आहे. पिस्टन, रिंगा, गजन पिन आणि रॉडचे वरचे टोक मिळून अर्धा किलो वजन धरले, तर मिनिटाला ६५०० फेऱ्यांच्या वेगात, पिस्टन शिखरावरून माघारी फिरताना, ते अर्धा किलो वजन रॉडला सुमारे १३०० किलोच्या बळाने वर ओढते. शर्यतीतल्या ८५०० फेऱ्यांना हीच ओढ सव्वादोन टनांवर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टर्बोचा जोर नेमका उलट दिशेने येतो. सिलिंडरमधला दाब १०० बारवर गेला की ८१ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन रॉडला पाच टनांहून अधिक बळाने खाली दाबतो. ओढीने थकतात ते मुख्यत्वे रॉडचे बोल्ट; दाबाने वाकतो तो रॉडचा दांडा. म्हणूनच अतिवेगात राबलेला जाड दांडा रस्त्यावरच्या मंद वेगात, वाढीव दाबाखालीसुद्धा, दीर्घकाळ सेवा देऊ शकतो. त्याचे जुने बोल्ट मात्र कितीही चकचकीत दिसोत, ते बदललेच पाहिजेत.

आता तपासणी. रॉड प्रथम तेलविरहित होईस्तोवर धुवावा, मग त्याचे चुंबकन करून त्यावर लोखंडी कणांचा चमकणारा द्राव ओतावा आणि अंधाऱ्या खोलीत जंबुपार दिव्याखाली तो फिरवून पाहावा. जेथे डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तेथे ते कण गोळा होऊन केसासारखी हिरवट रेघ उमटते. ती बहुधा बोल्टाच्या बैठकीच्या कोपऱ्यात किंवा कोणी पंचने ठोकलेल्या आकड्याच्या कडेला सापडते. पृष्ठभागावरचा लहानसा ओरखडादेखील श्रांतीला वाट करून देतो. त्यानंतर मोठ्या टोकाचे भोक वर्तुळाकार राहिले आहे की लांबट झाले आहे, हे बोअर गेजने पाहावे. या इंजिनाच्या आधीच्या आवृत्तींत २० आणि नंतरच्यांत १९ मिलिमीटरची गजन पिन आहे. तेवढ्या एका मिलिमीटरसाठी नवा बुश बसवून तो होन करून घ्यावा लागतो.

या सर्वांहून मोलाची गोष्ट म्हणजे त्या भागाची नोंदवही. शर्यतीचे व्यवस्थित पथक प्रत्येक रॉड किती तास चालला, चुकीचा गिअर पडून इंजिन कधी मर्यादेबाहेर फिरले काय, याची दप्तरी नोंद ठेवते. असा दाखला नसलेला रॉड कुर्ल्याच्या बाजारात कितीही स्वस्त मिळो, तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिस्टनांची कथा निराळी. टर्बोविरहित शर्यतीचे पिस्टन बाराच्या वर संपीडन-गुणोत्तर साधणारे. बूस्टखाली ते साध्या पेट्रोलवर खडखडू लागतात आणि पाहता पाहता फुटतात. शिवाय शर्यतीला बहुधा २६१८ क्रमांकाचा, जवळजवळ सिलिकॉनविरहित मिश्रधातू वापरतात. तो चिवट खरा, पण तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून सिलिंडरात त्याला मोकळीक जास्त द्यावी लागते. शर्यतीत इंजिन तापवूनच सोडतात; कळवा नाक्यावरच्या कोंडीत रेंगाळून पूल ओलांडणाऱ्या, दोन मैलांत प्रवास संपवणाऱ्या मोटारीत तो पिस्टन थंडपणी सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहतो आणि तेल पितो. नित्याच्या वापराला सिलिकॉनयुक्त ४०३२ बरा. शर्यतीच्या कॅमशाफ्टचा तर विचारही करू नये.

प्रत्येक भागाचे वार्धक्य सारखे नसते, याचे उदाहरण बीएमडब्ल्यूचे. १९८३ साली नेल्सन पिके ज्या ब्रॅबम मोटारीने जगज्जेता झाला, तिचे दीड लिटरचे टर्बो इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांच्या बिडाच्या ब्लॉकवरून घडवलेले होते, आणि त्यासाठी खूप धावलेले जुने ब्लॉक मुद्दाम निवडत असे सांगितले जाते. ओतकामात राहिलेले अंतर्गत ताण वारंवार तापण्या-निवण्याने सैल होतात, हे त्याचे कारण. ब्लॉकला वय मानवते. बोल्टाला आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला ते मानवत नाही.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीची कठोर बाजूच उचलून धरली. मोटारीची नोंदणी एमएच ०४ ची असो की एमएच ०५ ची, मजबूत रॉड घालून इंजिन टिकाऊ करणे आणि त्याच्या बळावर शक्ती दुप्पट करून मूळच्याच ब्रेकांनिशी घोडबंदर रस्त्यावर सुटणे, या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. ज्याला पूर्ण बूस्टचा अनुभव घ्यावयाचा असेल, त्याने मोटार ट्रकवर चढवून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला अथवा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर न्यावी. तेथे भिंतीपलीकडे रुग्णवाहिका उभी असते आणि समोरून कोणी येत नाही.