ढोलकीच्या मागून

केंदूरला कान्हूराज महाराजांच्या देवळात टाळ धरून बसलो की म्हातारी मंडळी एकच बजावायची, "शब्द गिळू नको, शेवटच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे." कान्हूराज म्हणजे कान्हो पाठक, ज्ञानदेवांच्या काळातले संतकवी, आमच्या गावचं दैवत. जत्रांसाठी आणि कलापथकांसाठी मी चाळीस वर्षं लिहिलं. त्याचा हिशेब मांडायला बसलो, तर पहिली नोंद हीच निघाली.

दुसरी नोंद आमच्याच शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या बी. के. मोमीन कवठेकरांची. मुसलमान घरातला हा माणूस दत्ता महाडिक पुणेकरांच्यासारख्या तमाशा फडांसाठी गण, गवळण, वग लिहायचा आणि तेवढ्याच तळमळीनं हुंड्यावर, व्यसनावरही लिहायचा. 'सारं हायब्रीड झालं' ऐकलं तेव्हा वाटलं, बांधावरच्या गप्पांतला शब्द असा थेट बोर्डावर चढवता येतो तर! त्यांनी गणपतीला आवाहन करावं, याचं आमच्याकडे कुणाला नवल वाटलं नाही. जेजुरीचे शाहीर सगनभाऊ मुसलमान होते, रेठरे हरणाक्षचे शाहीर पठ्ठे बापूराव ब्राह्मण. गण कुणी लिहिला हे ऐकणारा विचारत नाही. ढोलकीवर बसतो का, तेवढं बघतो.

ते बसवणं मी उशिरा शिकलो. एका जत्रेत माझ्या गवळणीच्या तिसऱ्या कडव्यात गाणाऱ्या बाईंचा दम तुटला. आत आल्यावर म्हणाल्या, "दादा, ही ओळ लिहिलीय झकास, पण गायची कुठून?" ट्रकच्या दिव्याखाली मी दोन शब्द काढले. ढोलकीवाला ढोलकीचा सूर चढवत होता. त्यानं हात थांबवला, ओळ पुटपुटली, मान हलवली आणि पुन्हा सूर चढवायला लागला. तेव्हापासून चालत, मोठ्यानं म्हणतच लिहितो. कागदावर छान दिसणाऱ्या ओळीवर माझा विश्वास नाही.

एक नोंद मात्र जड जाते. सुरुवातीच्या काळात तमाशा ठरवायला आलेल्या एका सुपारीवाल्यानं दुअर्थी गाणं मागितलं. घरात गरज होती, मी लिहून दिलं. ते गायलं गेलं त्या रात्री ढोलकीच्या मागे उभा होतो. समोर शिट्ट्या पडत होत्या, टोप्या उडत होत्या. मागून मला गाणाऱ्या बाईंची फक्त पाठ दिसत होती. शिट्टी आली की दर वेळी त्यांचे खांदे आत ओढले जायचे. समोरच्यांना ते दिसत नव्हतं. पहाटे तो कागद फाडला. पैसे मात्र खर्च झाले होते. शृंगार लावणीचा प्राण आहे, तो मी पुढंही लिहिला. पण जी ओळ गाताना गाणारीला आक्रसून घ्यावं लागतं, ती शृंगाराची नव्हे. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, त्या खांद्यांनी शिकवलं.

मोमीन कवठेकरांना राज्य शासनाचा २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला, तेव्हा घरातच काही आल्यासारखं वाटलं. मग कोरोना आला. चैत्रातल्या जत्रा बंद, पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्यांपुढं सुपाऱ्या ठरवायला होणारी गर्दी नाही. कलावंतांच्या चुली कशा पेटल्या, ते त्यांनाच ठाऊक. नोव्हेंबर २०२१ मध्ये मोमीन गेले. त्यांच्या लेखनात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 'कलावंतांच्या आठवणी'. स्वतःच्या गाण्यांचं कौतुक करत बसण्यापेक्षा, ती ज्यांनी रात्ररात्र जागून गायली-वाजवली त्या माणसांना त्यांनी कागदावर आणलं.

मी आता जुन्या वह्या काढल्यात. प्रत्येक गाण्याखाली ते कुणी गायलं, ढोलकीवर कोण होतं, आठवेल तसं लिहितोय. निम्म्या ठिकाणी नाव आठवत नाही, तिथं जागा कोरी ठेवतो. तुमच्या घरातही आजोबांचं एखादं बाड, आजीची गवळणींची वही माळ्यावर पडली असेल. ती रद्दीत घालू नका. घरात कुणी सांगणारं आहे तोवर शेजारी बसून विचारून घ्या आणि गाणाऱ्याचं नाव त्यावर लिहा.